पोफळीच्या बागेतला रक्तक्षय: एका वाडीतल्या अंकुशकृमीचं प्रकरण

हे प्रकरण सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीवरचं आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, आशाताई आणि स्वतः रुग्ण बाई यांच्याशी बोलून ते लिहिलं आहे. कोणाची ओळख पटू नये म्हणून वय, नातीगोती आणि जागेच्या खुणा थोड्या बदलल्या आहेत. रुग्ण बाईंना इथे वहिनी म्हटलं आहे, कारण अर्धी वाडी त्यांना तेच म्हणते.

पार्श्वभूमी

वर कातळाचा सडा आणि त्यावर आंबा-काजूची कलमं. खाली उतरलं की भरड, मग भाताचे मळे, आणि व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, दोन्ही अंगांना माड-पोफळीच्या बागा. घरं बागांना लागूनच. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एरवी बागेला पाटाने किंवा पंपाने पाणी सोडतात, त्यामुळे सडा एप्रिलमध्ये भाजून निघत असला तरी पोफळीखालची माती ओलीच असते. वरून झावळांची सावली, खाली पातेऱ्याचा, म्हणजे गळलेल्या पानांचा, थर. ही शेवटची दोन वाक्यं बागायतदाराला कौतुकाची वाटतील. परजीवीशास्त्र शिकलेल्या माणसाला मात्र ती अंकुशकृमीच्या (हुकवर्म, आतड्यात राहून रक्त पिणारा जंत) अळीचा पत्ता सांगतात.

वहिनींचं वय अडतीस. नवरा मासेमारीच्या बोटीवर, आठ-दहा दिवसांनी घरी येणारा. घरात सासू, सतरा आणि तेरा वर्षांचे दोन मुलगे. बागेचं शिपणं (पाणी देणं), पातेरा गोळा करणं, सुपाऱ्या वेचणं, पावसात मळ्यातली लावणी, ही सगळी कामं वहिनींकडे. सासूबाई अजूनही रोज तासभर बागेत असतात.

काय बिघडत होतं

दोन वर्षांत वहिनींचं हिमोग्लोबिन तीनदा तपासलं गेलं आणि तीनदा कमी आलं. दर वेळी लोहाच्या लाल गोळ्या मिळाल्या, तीन-चार महिने घेतल्या, आकडा वर गेला. गोळ्या संपल्या की पुढच्या काही महिन्यांत परत खाली. तिसऱ्या खेपेला आकडा ६.४ होता. चढण चढताना धाप लागायची, संध्याकाळी पावलांवर सूज यायची, आणि डब्यातले कच्चे तांदूळ चघळायची सवय लागली होती. शेवटची गोष्ट त्यांनी लाजत सांगितली. लोह फार कमी झालं की असं काहीबाही खावंसं वाटतं. हे लक्षण इतकं बोलकं आहे की ते प्रत्येक बाईला विचारायला हवं, पण बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत ते विचारलं जात नाही.

मोठ्या रुग्णालयात पाठवल्यावर त्यांना शिरेतून लोहाची इंजेक्शनं मिळाली. सोनोग्राफीत गर्भाशय व्यवस्थित होतं, पाळी जरा जास्त जाते एवढीच नोंद झाली. हिमोग्लोबिन ९.८ झालं. सहा महिन्यांनी ७.२.

इथपर्यंतच्या कागदांवर एक शेरा दोनदा दिसतो: 'गोळ्या नियमित घेत नाही'. असा शेरा लिहिणं सोपं असतं, कारण तो खोटा ठरवायला कोणी येत नाही. या वेळी आशाताई आल्या. त्यांनी वहिनींच्या घरातून बिस्किटांचा जुना डबा आणला. त्यात गोळ्यांची रिकामी पाकिटं जपून ठेवलेली होती, मोजली तर हिशेब जवळजवळ पूर्ण भरला. वहिनींचं म्हणणं एवढंच होतं: "गोळये खातंय गो, पण आंगात ताकद थारतच नाय."

मला या प्रकरणातला पहिला खरा निर्णय इथे दिसतो. नव्याने आलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी डबा पाहिला आणि प्रश्न बदलला. लोह आत जातंय का, यापेक्षा ते बाहेर कुठून जातंय, असं त्यांनी विचारायला सुरुवात केली. गळक्या घागरीत कितीही पाणी ओतलं तरी ओतणाऱ्याला दोष देऊन घागर भरत नाही.

पर्याय

अधिकाऱ्यांपुढे तीन वाटा होत्या. पहिली, पोटातून रक्तस्राव होतोय असं धरून दुर्बिणीच्या तपासणीसाठी पाठवणं. सिंधुदुर्गातल्या माणसाला मोठ्या तपासणीसाठी बहुधा गोव्यातलं बांबोळीचं मोठं रुग्णालयच आठवतं, म्हणजे जाण्यायेण्याचा दिवस, सोबतीचं माणूस, बुडालेली मजुरी. दुसरी, काही न तपासता अल्बेंडाझोल या जंतनाशकाची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी देऊन मोकळं होणं. गोळी स्वस्त, सुरक्षित, केंद्रात उपलब्ध. तिसरी, आधी शौच तपासणं.

दुसऱ्या वाटेचा मोह मोठा होता आणि एकट्या वहिनींपुरती ती चूकही नव्हती. पण गोळी आधी दिली असती तर नंतरच्या तपासणीला अर्थ उरला नसता, आणि निदान अंधारातच राहिलं असतं. घरातल्या बाकीच्यांना, शेजाऱ्यांना हाच त्रास आहे का, हा प्रश्न मग कोणी विचारलाच नसता. अधिकाऱ्यांनी तिसरी वाट धरली, आणि तपासणीत काही न मिळाल्यास दुर्बिणीसाठी पाठवायचं हेही ठरवून ठेवलं. लोहाच्या गोळ्या मात्र त्याच दिवशी पुन्हा सुरू केल्या.

फाइल चाळताना आणखी एक गोष्ट निघाली. रक्ताच्या यंत्राने छापलेल्या जुन्या अहवालात इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशी १४ टक्के होत्या. त्यावर कोणीच पेन टेकवलं नव्हतं. ऊतींमधून फिरणाऱ्या कृमींमुळे या पेशी वाढतात. दम्यात, ॲलर्जीत आणि हत्तीरोगाच्या काही प्रकारांतही वाढतात, म्हणून तेवढ्यावरून निदान होत नाही. पण लोहाची कमतरता आणि वाढलेल्या इओसिनोफिल पेशी एकाच कागदावर दिसल्या तर शौच तपासायला तेवढं कारण पुरेसं आहे.

तपासणी

पहिला नमुना निष्फळ ठरला. वहिनींनी तो पहाटे घेतला, एसटी चुकली, केंद्रात पोचेपर्यंत दुपार. तंत्रज्ञांनी काचपट्टीवर थेंबभर घेऊन पाहिलं, काही दिसलं नाही.

थेंबभर शौचात मिलिग्रॅम-दोन मिलिग्रॅम ऐवज असतो. कृमी थोडे असले तर अंडं त्यात सापडेलच असं नाही. शिवाय अंकुशकृमीची अंडी उबेत लवकर पुढे सरकतात. नमुना फार वेळ राहिला तर अंड्यातून अळी बाहेर पडते, आणि मग ती दुसऱ्याच कृमीची वाटण्याचा धोका असतो. 'जंत नाहीत' असा अहवाल लिहिण्याआधी नमुना किती जुना होता आणि कोणत्या पद्धतीने पाहिला, हे लिहायला हवं. ते लिहिण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी नाही.

तंत्रज्ञ जुने आणि हौशी होते. त्यांनी संपृक्त मिठाच्या पाण्याची पद्धत काढली. गरम पाण्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत घालायचं, ते निवलं की छोट्या बाटलीत शौच कालवून काठोकाठ भरायचं, वर काचपट्टी टेकवायची. अंकुशकृमीची अंडी हलकी, ती वीसेक मिनिटांत तरंगून पट्टीला चिकटतात. खर्च जवळजवळ शून्य. मीठ त्यांनी शिरोड्याचं वापरलं, जिथे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला तिथलं. हे सांगताना त्यांचा आवाज जरा चढला होता.

नमुने तीन घ्यायचे, वेगवेगळ्या दिवशी, आणि दोन तासांच्या आत केंद्रात. ते आणायची जबाबदारी आशाताईंच्या मुलाच्या मोटारसायकलवर आली. दुसऱ्या नमुन्यातच अंडी दिसली: लंबगोल, पातळ पारदर्शक कवच, आत चार-आठ पेशींचा पुंजका आणि त्याभोवती मोकळी जागा. शौचात लपलेलं रक्तही सापडलं.

अंड्यावरून अंकुशकृमीची जात कोणती, नेकेटर अमेरिकॅनस की अँकायलोस्टोमा ड्युओडेनाले, हे ओळखता येत नाही. औषध दोघांवर तेच, म्हणून इलाजासाठी फरक पडत नाही. रक्ताच्या हिशेबात पडतो. नेकेटरचा एक कृमी दिवसाला साधारण ०.०३ ते ०.०५ मिलिलीटर रक्त खर्ची घालतो, अँकायलोस्टोमा त्याच्या पाचेक पट. नेकेटरचे शंभर कृमी धरले तरी रोज तीन ते पाच मिलिलीटर. निरोगी रक्ताच्या एका मिलिलीटरमध्ये सुमारे ०.४ मिलिग्रॅम लोह असतं, म्हणजे रोज सव्वा ते दोन मिलिग्रॅम लोह जातं. साध्या जेवणातून शरीरात शोषलं जाणारं लोहही तेवढंच असतं. त्यात पाळीचं रक्त मिळवा. गोळ्या चालू असेपर्यंत आवक जावकीला पुरून उरते, गोळ्या थांबल्या की घसरण सुरू. वहिनींच्या दोन वर्षांच्या आकड्यांचा चढउतार या एका हिशेबात बसतो. आणि कृमी महिन्या-दोन महिन्यांत मरतही नाहीत, नेकेटर आतड्यात काही वर्षं टिकतो.

खाज कुठे येते

अंकुशकृमी बहुतेक वेळा पायातून शिरतो. शौचातली अंडी ओल्या, सावलीच्या, हवा खेळणाऱ्या मातीत एक-दोन दिवसांत उबतात. पाच ते दहा दिवसांत अळी शिरण्याजोगी होते आणि तीन-चार आठवडे मातीत वाट पाहू शकते. अनवाणी पावलाच्या कातडीतून ती रक्तात, तिथून फुप्फुसात, वर घशात, गिळली गेली की आतड्यात. शिरते तिथे खाज आणि बारीक पुरळ येतं.

केंद्रात सगळ्यांनी गृहीत धरलं की हे लावणीत झालं. गुडघाभर चिखल, अनवाणी बायका, दुसरं काय. त्याप्रमाणे 'लावणीत पाय जपा' असं पत्रक काढायचंही ठरत होतं. आशाताईंनी मात्र वहिनींना नीट विचारलं, आणि उत्तर भलतंच आलं: "लावणेच्या टायमाक नाय गो. तेव्हा चिखल्ये येतत, ते येगळे. ही खाज शिपणा सुरू झाला की येता."

चिखल्या बोटांच्या बेचक्यांत येतात, सतत ओलं राहून कातडी कुजते, त्यावर घरोघरी मेंदी लावतात. ही खाज तळव्याच्या कडेला आणि घोट्याखाली, माघ-फाल्गुनात. लावणीचा मळा पाण्याखाली असतो. साचलेल्या पाण्यात, हवा नसलेल्या चिखलात अंकुशकृमीची अळी नीट वाढत नाही. तिला हवी असते ओली पण भुसभुशीत माती, डोक्यावर सावली, २५ ते ३० अंश उष्णता. हे वर्णन मळ्याला लागू पडत नव्हतं. पोफळीच्या बागेला अक्षरशः लागू पडत होतं.

या प्रकरणातली सर्वांत कामाची तपासणी हा प्रश्नच होता, असं माझं मत आहे. पत्रक निघालं असतं तर वाडीने जून-जुलैत पाय जपले असते आणि डिसेंबर ते मे अनवाणी शिपणं केलं असतं.

पुढचा प्रश्न उघड होता. बागेत विष्ठा कोणाची? प्रत्येक घरात शौचालय होतं, कागदोपत्री आणि प्रत्यक्षातही. वाडीतलं उत्तर तयार होतं: वरच्या आंब्याच्या बागेतले गुरखे. कलमांच्या राखणीला येणारे नेपाळी कामगार हंगाम संपला की जूनच्या तोंडाला जातात, आणि जो निघून जातो त्याच्यावर ढकलणं सोपं असतं. पण ते राहत सड्यावर, खोपीत. सड्याची जमीन तापलेली, कोरडी. तिथली अळी तासांत मरते. व्हाळाकाठच्या बागेत गुरखे येण्याचं कारण नव्हतं.

औषध कोणाला द्यायचं

आधी घरच्या सगळ्यांचे नमुने घेतले. सासूबाई नाराज. "जंत पोरांका होतत, म्हाताऱ्यांका खंयचे?" त्यांच्या नमुन्यात वहिनींपेक्षा जास्त अंडी निघाली. सतरा वर्षांच्या मुलाच्या नमुन्यात थोडी, धाकट्याच्या नमुन्यात काहीच नाही.

हा क्रम अपेक्षेच्या उलट वाटतो, पण अंकुशकृमीचं ते वैशिष्ट्यच आहे. पोटातल्या मोठ्या गोल जंतांचा भार शाळकरी वयात सर्वाधिक असतो, अंकुशकृमीचा भार मात्र प्रौढ वयातही वाढत राहतो. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून पाळला जातो, आणि त्यात १ ते १९ वर्षांच्या मुलांनाच गोळी मिळते. धाकट्याला ती शाळेत मिळत होती. थोरल्यानेही शाळेत असेपर्यंत घेतली, दहावीनंतर सोडली. वहिनी आणि सासूबाई वयोगटाबाहेर. म्हणजे ज्या पावलांना मातीचा सर्वाधिक स्पर्श होतो, ती पावलं कार्यक्रमात नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रजननक्षम वयातल्या, गर्भवती नसलेल्या स्त्रियांचाही समावेश आहे, अर्थात जिथे या कृमींचं प्रमाण २० टक्के किंवा त्याहून जास्त आहे तिथे.

सासूबाईंना एक जुनी गोष्ट आठवली. पूर्वी हत्तीरोगाच्या गोळ्या घरोघरी येत, मोठ्या माणसांनाही देत. सिंधुदुर्ग हत्तीरोगाच्या जिल्ह्यांत होता, आणि देशात २००७ पासून त्या सामुदायिक औषधोपचारात डीईसी या हत्तीरोगाच्या औषधाबरोबर अल्बेंडाझोलही दिलं जाई. हत्तीरोगासाठी आलेली गोळी वर्षातून एकदा मोठ्यांचे जंतही पाडत असणार. वाडीत ती यायची थांबून बरीच वर्षं झाली होती. एका रोगाचं काम संपलं की त्याच्यासोबत फुकटात होत असलेलं दुसरं कामही थांबतं, आणि ते कोणाच्याच नोंदवहीत नसतं.

पर्याय तीन होते: फक्त बाधित माणसं, बाधित घरं, किंवा पुरी वाडी. सगळ्यांचं शौच तपासून बाधितांनाच गोळी देणं शास्त्रशुद्ध दिसतं, पण एका नमुन्यात अंडी न सापडणारे खूपजण सुटतात. पुऱ्या वाडीला सरसकट गोळी द्यायची तर शाळेच्या कार्यक्रमाचा साठा वापरता येत नव्हता. अधिकाऱ्यांनी मध्यम मार्ग काढला. व्हाळाकाठच्या घरांतून एकेका प्रौढाचा नमुना घेतला, निम्म्याहून जास्त घरांत अंडी मिळाली, तो कागद घेऊन तालुक्याची परवानगी मिळवली आणि बाह्यरुग्ण विभागाच्या साठ्यातून सगळ्या प्रौढांना गोळी दिली.

नमुने मिळवणं हेच मोठं काम होतं. आशाताईंनी पहिला डबा वाडीतल्या मानकऱ्याच्या घरात दिला. तिथून तो परत आला, मग बाकीच्यांची लाज मोडली.

एक नाजूक प्रसंग नवविवाहितांचा. अल्बेंडाझोल गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत टाळतात. दोन घरांत नुकत्याच आलेल्या सुना होत्या. घरच्यांसमोर पाळीची तारीख विचारली असती तर खोटं उत्तर मिळालं असतं, म्हणून आशाताईंनी बावीवर (विहिरीवर), कोणी नसताना विचारलं. एकीची तारीख उलटून गेलेली निघाली. तिला गोळी थांबवली आणि चाचणी केली, ती गरोदर होती. तिची गोळी दुसऱ्या तिमाहीवर ढकलली, लोहाच्या गोळ्या मात्र चालू ठेवल्या.

खड्डे

गोळी देऊन झाली तरी बागेतल्या विष्ठेचं कोडं सुटलेलं नव्हतं. ते सोडवलं गवंड्याने.

शौचालयं दोन शोषखड्ड्यांची होती. या रचनेत एका वेळी एकच खड्डा वापरायचा. तो भरला की मधल्या चौकोनी टाकीतली वाट बंद करून दुसरा सुरू करायचा. पहिला निदान वर्षभर, शक्यतो दोन वर्षं बंद राहिला की त्यातल्या मैल्याचं निर्धोक खत होतं. गवंड्याने टाकीवरची चिऱ्याची लादी उचलली आणि म्हणाला, "दोनय खड्डे चालू आसत. एक बंद करा म्हणान कोणी सांगल्यानच नाय." बहुतेक घरांत तेच. दोन्ही खड्डे एकदम भरत गेले, आणि दोन्ही ताजेच राहिले.

याचे दोन परिणाम. उन्हाळ्यात खड्डा उपसला की वरचा ताजा मैला 'खत झालं' या समजुतीने पोफळीच्या आळ्यांत पडायचा. पावसाळ्यात व्हाळाचं पाणी चढलं की खड्ड्यांत खालून पाणी भरायचं आणि भांड्यातून उलटं यायचं. मग घरची माणसं टमरेल घेऊन बागेच्या कोपऱ्यात. याला कळस यायचा चवथीला. मुंबईचे चाकरमानी आले की पाच माणसांच्या घरात पंधरा होतात, जमिनीतलं पाणी तेव्हा सर्वांत वर असतं, आणि खड्डा चार दिवसांत हात टेकतो. हे सगळ्यांना माहीत होतं. आरोग्य केंद्राला कोणी सांगितलं नव्हतं, कारण केंद्राने विचारलं नव्हतं. शौचालय आहे का, या प्रश्नाचं उत्तर 'आहे' असंच होतं.

दुरुस्ती दोन प्रकारची होती. टाकीतली एक वाट विटेने बुजवायची, हे अर्ध्या तासाचं काम. ते सगळ्या घरांत झालं. दुसरं काम खर्चिक: खड्ड्याचं तोंड जमिनीपासून फूटभर उंच घ्यायचं, भोवती मातीचा भराव घालायचा, आणि त्यासाठी शौचालयाची बैठकही उचलायची. बावीपासून खड्ड्याचं अंतर राखायचं, तर छोट्या परड्यांत जागाच उरत नाही. व्हाळापासून वर असलेल्या घरांना याची गरज पडली नाही. खालच्या अंगाच्या घरांपैकी काहींनी स्वतःच्या पैशाने केलं, काहींनी ग्रामपंचायतीच्या मदतीने. दोन घरांनी केलं नाही.

पायताणाचाही प्रयोग झाला. आळ्यांतल्या भिजलेल्या मातीत साधी चप्पल रुतून बसते, हे ज्याने शिपणं केलंय त्याला माहीत आहे. गमबूट गरम होतात. वहिनींनी काही आठवडे घातले, मग फक्त सकाळच्या पाळीला. 'चप्पल घाला' हा सल्ला फुकट आहे म्हणून दिला जातो, असं मला वाटतं. अँकायलोस्टोमा तर हाताला लागलेल्या मातीतून तोंडावाटेही जाऊ शकतो, त्याला चप्पल काय करणार.

निष्पत्ती

वहिनींच्या शौचात तीन आठवड्यांनी अंडी दिसली नाहीत. सासूबाईंच्या शौचात दिसली. अल्बेंडाझोलच्या एका गोळीने अंकुशकृमी पूर्ण जाण्याचं प्रमाण ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणून हे अनपेक्षित नव्हतं. दुसऱ्या गोळीनंतर त्यांचाही नमुना स्वच्छ आला. वहिनींचं हिमोग्लोबिन चार महिन्यांत १०.९ झालं. मग लोहाच्या गोळ्या आणखी तीन महिने देऊन थांबवल्या. खरी परीक्षा त्यानंतरची होती. थांबवल्यावर सहा महिन्यांनी ११.८. तांदळाचा डबा आता फक्त भातासाठी उघडतो, असं सासूबाई म्हणाल्या.

दुर्बिणीची तपासणी करावी लागली नाही. आकडा पुन्हा घसरला असता तर करायची, असं कागदावर लिहून ठेवलं होतं, ते योग्यच. अंडी सापडली म्हणून रक्तस्रावाची इतर कारणं आपोआप रद्द होत नाहीत.

वाडीतल्या उंच केलेल्या खड्ड्यांच्या घरांत पुढच्या शिपण्याच्या हंगामात खाजेची तक्रार जवळजवळ नव्हती. उंच न केलेल्या एका घरातल्या दोघी बायकांच्या नमुन्यात अंडी परत आली.

वेगळं काय करता आलं असतं

शौचाची तपासणी दुसऱ्या घसरणीलाच व्हायला हवी होती. इंजेक्शनांनी चढवलेलं लोह सहा महिन्यांत निघून जातं, तेव्हा ते 'घेत नाही' म्हणून होत नाही. इंजेक्शन न घेण्याची सोयच नसते. त्या टप्प्यावर इओसिनोफिल पेशींचा आकडाही समोर होता.

गोळ्यांची वेळ वादाची आहे. वाडीला गोळी दिली ऑगस्टमध्ये, शाळेच्या जंतनाशक दिनाच्या सुमारास, कारण तेव्हा मनुष्यबळ गावात असतं. पण लगेच चवथ आली, खड्डे तुंबले, बाग पुन्हा मैली झाली. अधिकाऱ्यांचं म्हणणं, आजारी माणसं समोर असताना थांबायचं कसं. वहिनी आणि बाधित घरांपुरतं ते बरोबरच आहे. पण सरसकट फेरीला पाऊस सरल्यावरची, शिपणं सुरू व्हायच्या आधीची वेळ जास्त फायद्याची ठरली असती, असं मला वाटतं. तेव्हा शौचालयं पुन्हा चालू झालेली असतात आणि उघड्यावरची भर थांबलेली असते. ऑगस्टची तारीख शाळांसाठी सोयीची आहे, कोकणातल्या खड्ड्यांसाठी नाही.

गवंड्याला बोलावणं शेवटी झालं, ते आधी व्हायला हवं होतं. लादी उचलायला पाच मिनिटं लागतात. घरभेटीच्या छापील तक्त्यात 'शौचालय आहे का' याच्यापुढे तीनच प्रश्न जोडले असते तर पुरे होतं: किती खड्डे चालू आहेत, पावसात उलटं येतं का, उपसलेलं कुठे टाकता. आशाताईंनी ते आता आपल्या वहीत हाताने लिहून घेतलेत. छापील तक्त्यात अजून आलेले नाहीत.

सड्यावरच्या कामगारांची तपासणी राहून गेली. वाडीतला संसर्ग त्यांच्यामुळे नव्हता हे जमिनीवरून कळत होतं, पण त्यांच्यातही रक्तक्षय असू शकतो. नमुन्यांची वेळ आली तेव्हा हंगाम संपून ते गेले होते. पुढच्या मोहराच्या वेळी त्यांना केंद्रात बोलवायचं ठरलं आहे.

बाकी राहिलेल्या दोन घरांचे खड्डे अजून व्हाळाच्या पातळीलाच आहेत. एका घरात जागा नाही, दुसऱ्यात भाऊबंदकी आहे आणि खड्डा नेमका वादातल्या जमिनीत. तिथल्या बायकांना दर सहा महिन्यांनी गोळी द्यायची आणि चवथीनंतर नमुना घ्यायचा, असं सध्या चालू आहे.